तंबू धरून बसलेला घडा

होग्ला बरी झाली, तिथून एल्दादची अडचण सुरू झाली.

ती बरी झाल्याचं त्याला वाईट वाटत होतं असं मुळीच नाही. हिवाळी पावसात ती तापाने अशी पडली होती की शेजारच्या बायका रडण्यासाठी गळे साफ करून बसल्या होत्या. एल्दाद भिजत टेकडीवर वेदीपाशी गेला आणि माणूस अशा वेळी जे करतो ते त्याने केलं. मोजमाप न करता बोलला. "हिला उठव," तो परमेश्वराला म्हणाला, "माझ्या मळ्यातल्या द्राक्षारसाचा भरला घडा तुझ्या वेदीवर रिता करीन. तो ओतेपर्यंत मी स्वतः एक थेंब घेतला, तर..." इथे त्याला साजेशी शपथ सुचेना. शेवटी तो म्हणाला, "तर तू बघून घे."

घरी येऊन बघतो तर होग्ला अंथरुणावर उठून बसलेली, आणि मसूर कुणी करपवले म्हणून विचारतेय.

तेव्हा तळघरात भरलेले घडे होते. होग्ला म्हणालीसुद्धा, "एक उचला आणि ओतून या. देवाचं देणं अंगावर ठेवू नये." पण एल्दादला तसं गुपचूप ओतणं पटेना. शरदातल्या मंडपांच्या सणाला, नव्या हंगामाच्या रसाने, सगळ्या गावासमोर, गाणाऱ्यांच्या आवाजात ओतायचं असं त्याच्या मनात होतं. आभार मानायचे तर चारचौघांत मानावेत. तळघरात मानले तर ते फक्त देवालाच कळणार, आणि त्याला तर आधीच माहीत होतं.

मग बायको उठल्याच्या आनंदात त्याने गावाला बोलावलं, आणि तळघरातले घडे एकामागून एक वर आले. होग्लाच्या आयुष्यासाठी गाव इतकं प्यायलं की काहींना दुसऱ्या दिवशी स्वतःच्या आयुष्याची काळजी वाटू लागली. एल्दाद नवसापायी कोरडाच बसला होता. गावात इतका आनंदी आणि इतका शुद्धीवर असलेला माणूस त्याआधी कुणी पाहिला नव्हता.

आणि मग वसंतात टोळ आले.

गावाचं नाव बेथ-हक्केरेम, म्हणजे द्राक्षमळ्याचं घर. टोळ गेल्यावर त्यातलं घर तेवढं उरलं. त्यांनी पानं खाल्ली, कोवळे घोस खाल्ले, मग वेलींची साल सोलून खाल्ली. सगळा उतार पांढरा पडला, जणू कुणी हाडं वाळत घातली आहेत. लोकांनी टोळ पकडले, मीठ लावून भाजले आणि खाल्ले. टोळ वेल खात होते, गाव टोळ खात होतं. तरी बरोबरी काही झाली नाही. उन्हाळ्यात बुंध्यांना कुठे कुठे हिरवं फुटलं, पण फळाचं नाव नव्हतं. द्राक्षकुंडात पाली राहायला आल्या. हंगामात जिथे द्राक्षं तुडवताना "हेदाद, हेदाद" असा ठेका धरून गाव नाचायचं, तिथे एक बकरी उभी राहून विचार करत होती.

गावाने हे सोसलं. भाकरी होती, अंजिराची थोडी झाडं वाचली होती, शेळ्यांना दूध होतं. पण वेदीवरचं पेयार्पण थांबलं. आणि एक गोष्ट त्या वर्षी सगळ्यांना नव्याने कळली. वेदीवर द्राक्षारस ओतला जाईपर्यंत गाणारे गाणं उचलत नसत. ओतणाऱ्याचा हात कलला की पहिला सूर, अशी पूर्वापार पद्धत. रस नाही म्हणून सूर नाही. गव्हाच्या कापणीनंतर येणाऱ्या सप्ताहांच्या सणाला लोक वेदीभोवती उभे राहिले, अर्पण झालं, आणि सगळे एकमेकांकडे बघत मुकाट घरी गेले. एखाद्या लग्नात वऱ्हाड यावं आणि नवरी यायचीच राहावी, तसं झालं.

एल्दादला गाण्याची चिंता नव्हती. उन्हाळा सरता सरता होग्लाला खोकला झाला, त्याची होती.

तसा तो साधाच खोकला होता. धान्य पाखडताना धूळ घशात गेली, असं ती म्हणाली. पण एल्दादच्या हातातली भाकरी तशीच राहिली. देव दिलेलं परत घेणाऱ्यांतला नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण ज्याचं द्यायचं राहिलंय त्याला आपण तरी आठवण का करून द्यावी?

"हळू खोक," तो म्हणाला.

"खोकला हळू कसा खोकतात?"

"वेदीच्या दिशेने तोंड करू नकोस एवढंच."

होग्लाने सूप खाली ठेवलं. "अहो, तुम्हाला मसुरांचा नवस बोलता आला नाही का? मसूर पोतंभर आहेत घरात. मी काय राजाची मुलगी आहे, की माझ्यासाठी द्राक्षारसच पाहिजे? एका कबुतराचा नवस बोलला असतात तरी मी उठले असते."

"तेव्हा तुझी किंमत लावत बसलो नव्हतो मी."

तिने सूप उचललं आणि जरा जास्तच जोरात पाखडायला लागली.

तो याजकाकडे गेला. मल्कीया याजक वेदीमागच्या सावलीत गोणपाट नेसून बसला होता. तो शोक देशासाठी होता, पण अर्पणाच्या घड्यांसोबत याजकाच्या वाट्याचा घडाही येणं थांबलं होतं, त्यामुळे शोकात मनापासूनचा भाग बराच होता.

"बाबा, नवस बदलता येतो का?"

"गरिबाला बैलाऐवजी कबूतर चालतं."

"आणि द्राक्षारसाऐवजी?"

"त्याला गरीब-श्रीमंत नाही. त्याला तोच."

"पाणी ओतलं तर? मनापासून?"

"पाणी कुणाचं, एल्दाद? आभाळातून तोच देतो. त्याचंच त्याला परत देणार, तेही थोडं सांडून." मल्कीयाने दाढी खाजवली. "द्राक्षारसाचं तसं नाही. वेल त्याची, पण छाटणी तुझी, तुडवणं तुझं, वाट बघणं तुझं. त्यात दोघांचं आहे. म्हणून तो ओतला की दोघांनाही बरं वाटतं. एक घडा शोध. तुझ्या मळ्यातला कुठे ना कुठे असेल. सणाला अजून वेळ आहे."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर आपण सगळे पुन्हा मुकाट घरी जाऊ," याजक म्हणाला. "आणि तू जाताना माझ्याकडे बघू नकोस, कारण माझ्याकडे उत्तर नसेल."

एल्दाद गाढवावर बसून निघाला. ज्यांना ज्यांना त्याने घडे दिले होते त्यांच्या दारात गेला. मेहुण्याच्या घरी घडा होता, त्यात जैतुनाचं तेल होतं. पुढच्या गावच्या कुंभाराकडे होता, पण तो उघडून वास घेतल्यावर गाढवानेसुद्धा मान फिरवली. रस आंबून त्याचा अस्सल शिरका झाला होता. एका म्हातारीने तर घडा कधीच रिता झाला म्हणून सांगितलं, आणि त्यातला रस किती छान होता हे इतका वेळ लावून सांगितलं की एल्दादला रडू आलं. तिला वाटलं, कौतुकाने.

परतताना तो गावाखालच्या झऱ्याशी थांबला. तिथे रेखाबी लोकांचे काळे तंबू पडले होते. दर वर्षी या दिवसांत ते शेळ्या घेऊन खाली येत. त्यांच्या मूळ पुरुषाने त्यांना घालून दिलं होतं, की द्राक्षारस प्यायचा नाही, द्राक्षमळा लावायचा नाही, घर बांधायचं नाही, तंबूत राहायचं. आणि पिढ्यान्पिढ्या ते एकही गोष्ट न विसरता पाळत होते. द्राक्षमळ्याच्या घरी असले शेजारी म्हणजे गावाला फुकटची करमणूक होती. त्यांच्यातला हामूल हा एल्दादच्याच वयाचा. त्याच्या शेळ्या एल्दादच्या मळ्यात शिरत आणि एल्दादचा तोंडाळपणा त्याच्या तंबूत शिरे, असं त्यांचं आयुष्यभर चाललेलं.

"ये, मळेवाल्या," हामूल म्हणाला. "म्हणजे पूर्वीच्या."

"ये म्हणतोस ते नीट म्हण."

"बस. ताक घे. तोंड असं का? कोण गेलं?"

"कुणी जाऊ नये म्हणून फिरतोय." एल्दादने ताक घेतलं आणि नवसाची सगळी कथा सांगितली. हामूलने ती न हसता ऐकली, आणि त्यामुळे एल्दादला जास्तच अवघडल्यासारखं झालं.

"म्हणून आमचा मूळ पुरुष म्हणायचा, जे टोळाला खाता येतं ते जवळ बाळगू नये," हामूल शेवटी म्हणाला. "टोळ आले त्या रात्री आम्ही सगळे गाढ झोपलो होतो."

"हे सांत्वन आहे?"

"नाही. नुसतं सांगितलं."

एल्दादने तोंड फिरवलं, आणि तेव्हा त्याला तंबूचा मुख्य दोर दिसला. दोर खांबावरून खाली आला होता. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या एका घड्याच्या कानांना तो आवळून बांधला होता. घड्याच्या तोंडावर मातीचं बूच होतं, अजून जसंच्या तसं. आणि त्या बुचावर, माती ओली असताना दाबलेला, एका अंगठ्याचा ठसा होता. शेजारी एक वेडीवाकडी वेल कोरलेली. अशी वेल या डोंगरात एकच माणूस कोरायचा, आणि त्याला चित्रकला येत नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं.

एल्दाद गुडघ्यांवर खाली आला.

"हा घडा माझा आहे."

"तुझा होता," हामूल म्हणाला. "माझा थोरला जन्मला तेव्हा तू पाठवलास. विसरलास?"

एल्दादला आठवलं, आणि त्याचे कान गरम झाले. तरुणपणी, दारूचं नाव न काढणाऱ्या माणसाच्या घरी मुलगा झाल्यावर त्याने आपल्या मळ्यातला सर्वांत चांगला घडा भेट पाठवला होता, निव्वळ खोडी म्हणून. सोबत निरोप होता, "बाळाच्या बापाने पिऊन नाचावं." त्या विनोदावर गाव वर्षभर जगलं होतं. हामूलने मात्र उलट निरोप पाठवला होता की भेट पोचली, आभार, आणि सोबत पनीरचा मोठा गोळा. तो गोळा एल्दादने हसत हसत खाल्ला होता.

"मला वाटलं, तू ओतून टाकला असशील."

"भेट ओतून टाकतात?" हामूलला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "प्यायची आम्हाला बंदी, विकून त्यावर पोट भरणंही बरं नव्हे. पण शेजाऱ्याने मुलाच्या जन्माला दिलेली वस्तू. बाप म्हणाला, हिला काम द्या. तेव्हापासून ती तंबू धरून बसलीय. दर मुक्कामी पुरतो, निघताना उकरतो, गाढवावर ओली घोंगडी गुंडाळून नेतो. सांभाळून. तुझ्यापेक्षा जास्त मुलूख बघितलाय तिने."

आपला एक विनोद एका माणसाने आयुष्यभर गाढवावर घालून, ओल्या घोंगडीत गुंडाळून वागवावा, याचं काय करावं हे एल्दादला कळेना.

"हामूल, मला तो दे."

"भेट परत केली तर देणाऱ्याचा अपमान होतो."

"देणारा मीच आहे. माझा अपमान होत नाहीये."

"आत्ता म्हणशील. उद्या गावभर सांगशील, रेखाब्याने भेट परत केली. तुझं तोंड मला ठाऊक आहे." हामूलचा चेहरा स्थिरच होता. पण त्याने दोराकडे पाहिलं. "शिवाय तंबू पडेल."

एल्दाद घरी आला आणि झालेलं सगळं होग्लाला सांगितलं, खोडीसकट. होग्लाने डोक्यावर पदर घेतला आणि ती निघाली. तंबूत शिरून तिने हामूलला घरच्यांची ख्यालीखुशाली विचारली, शेळ्यांची विचारली, मग घड्याजवळ बसली.

"हामूलदादा, भेट परत करू नका. अदलाबदल करा. ती चालते ना तुम्हाला?"

"अदलाबदल चालते, वहिनी. पण याच्या बदल्यात काय? असं वजन कुठलं?"

"आमच्या द्राक्षकुंडावर दाबाचा दगड आहे. मधे भोक पाडलेला, दोर ओवायलाच केलेला. चोथा पिळायला तुळईला टांगतात तो."

तो दगड एल्दादच्या आजाने टाकीने घडवला होता. दगड गेला म्हणजे कुंड नुसता खड्डा उरला. आणि तो दिला म्हणजे वेली पुन्हा फळतील असं आपल्यालाच वाटत नाही, हे गावाला सांगितल्यासारखं होतं.

त्याने होग्लाकडे पाहिलं. तिला मधेच खोकला आला, आणि तिने तो पदरात दाबला, वेदीच्या दिशेने तोंड न करता.

"दिला," एल्दाद म्हणाला.

हामूल मात्र विचारात पडला. "दगड जवळ बाळगायचा म्हणजे... आम्हाला घर बांधायची बंदी आहे."

"एका दगडाने काय घर होतंय?"

"सगळी घरं एकाच दगडाने सुरू होतात, एल्दाद."

"त्याला भोक आहे," होग्ला म्हणाली. "भोकाचा दगड भिंतीत बसवत नाहीत."

हामूलने यावर बराच विचार केला आणि हे मूळ पुरुषालाही पटलं असतं असं ठरवलं. दगड तंबूपर्यंत आणायला दोन गाढवं आणि दोन्ही म्हातारे लागले, आणि वाटेत कुठल्या गाढवाने जास्त सोसलं यावर दोघांचं भांडण झालं. दोर दगडात ओवून ताणला तेव्हाच हामूलने घडा उकरला. त्यावरची माती त्याने बाहीने पुसली आणि तो होग्लाच्या हातात दिला. एल्दादच्या नाही.

सणाला गावाने अंगणा-अंगणात फांद्यांचे मंडप घातले. टोळांनी सोडलेल्या फांद्या त्या, त्यामुळे मंडपातून आभाळ जरा जास्तच दिसत होतं. आठवडाभर सगळं गाव घराबाहेर राहणार. झऱ्यावरून वर आलेला हामूल ते बघत म्हणाला, "वर्षातून एकदा का होईना, माणसात येता तुम्ही."

वेदीपाशी सगळे जमले. घडा मधे ठेवला होता. त्याच्यावर गावाची नजर होती आणि एल्दादची बुचावर. इतकी वर्षं, इतके मुक्काम, इतकं ऊन. आत शिरका असेल तर? देवाच्या वेदीवर आंबट ओतून नवस फेडलेला माणूस, म्हणून त्याचं नाव राहील. आणि होग्ला? ती बायकांत उभी होती, शांत, सणाचं ओढणं घेऊन. ती मरणार नव्हती, असं त्याचं डोकं सांगत होतं. तरी तो तिच्या खोकल्याकडे कान लावून होता.

मल्कीयाने सुरीने बुचाच्या कडेची माती फोडली, बूच काढून होग्लाच्या हातात दिलं आणि घड्यात नाक घातलं. तिथे ते बराच वेळ राहिलं.

"बाबा?" एल्दाद म्हणाला.

याजकाने नाक बाहेर काढलं. त्याचे डोळे भरले होते. "घडा अर्ध्याहून खाली गेलाय," तो म्हणाला. "पण भरल्या घड्याचं सारं त्यात आटून दाटलंय." मग जरा थांबून, "आणि एल्दाद, तू तरुणपणी फारच चांगला विनोद केला होतास."

वास तोवर लोकांत पोचला होता. उन्हात सुकलेल्या मनुकांचा, लाकडाचा, आणि आणखी कशाचा तरी, ज्याला या गावात शब्द नव्हता कारण कधी गरज पडली नव्हती. मागची माणसं पुढे सरकली. कुणी काही मागितलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं की हा त्यांच्यासाठी नाही. नुसतं नाकाने ते त्याला निरोप देत होते, आणि परत भेटल्यासारखेही दिसत होते.

एल्दादने घडा उचलला आणि कलवला. काळपट लाल धार वेदीच्या दगडावर पडली, आणि गाणाऱ्यांनी सूर उचलला. सरावाअभावी पहिला सूर फाटला. कुणी हसलं नाही. दुसऱ्या ओळीला सगळं गाव त्यात शिरलं, म्हाताऱ्या, पोरं, आणि एक रेखाबी, ज्याला गाण्याची बंदी कुणीच घातली नव्हती. एल्दाद धार संपेपर्यंत ओतत राहिला, मग घडा उलटा धरून उभा राहिला, शेवटचा थेंब पडला तरी. जमिनीने तो पिऊन टाकला. दगडावर एक डाग उरला.

मग सगळे ताक प्यायले. हामूलने मशका भरून आणल्या होत्या. द्राक्षाच्या सणाला ताक पिऊन बेथ-हक्केरेमचे लोक नाचले, आणि दुसऱ्या दिवशी कुणाचंही डोकं दुखलं नाही, ही त्या सणातली एक नवीनच गोष्ट होती.

एल्दाद मंडपात येऊन बसला. हातापायांतून ओझं उतरलं होतं. होग्ला शेजारी बसली आणि ओढण्याच्या गाठीतून तिने ते मातीचं बूच काढलं. आतल्या बाजूने ते अजून काळसर ओलं होतं.

"हे काय? नवसातलं आहे ते."

"याजकबाबांना विचारलं मी. नवस घड्याचा होता म्हणाले, बुचाचा नव्हता. आणि तेवढं बोलून दुसरीकडे बघायला लागले."

तिने बुचाची ओली बाजू बोटाने पुसली आणि बोट तोंडात घातलं. डोळे मिटले. एल्दाद वाट बघत राहिला. स्वतःच्या द्राक्षारसाबद्दल कुणाच्या शब्दाची इतकी वाट त्याने कधी पाहिली नव्हती.

"कसा आहे?"

होग्ला विचार करत होती. तिला खोकला आला नाही.

"हे माझ्यासाठी ओतलंत होय," ती म्हणाली. आवाज जरा वेगळाच लागला होता. मग ती नेहमीसारखी झाली. "मसुरांपेक्षा बरा आहे."

तिने बूच त्याच्यापुढे केलं. अर्धी बाजू तिने पुसली होती. अर्धी तशीच ठेवली होती.